पेटीत नऊ जण

पत्र्याची पेटी, निळी, कडी मोडकी,
झाकणावर सासऱ्यांचं नाव: कुष्टा मास्तर, माशेल.
ते गेले, तरी टोप भाड्यानं मागणारे फोन
अजून त्यांच्याच नावानं येतात.
म्हणून मी ते खरवडलं नाही.

टोप ठेवावा सुक्या नारळावर,
नारळाचे डोळे पुढे,
म्हणजे कपाळ कुठलं ते चुकत नाही.
प्लास्टिकची पिशवी नको,
आमच्या हवेत सुट्या केसांनाही घाम फुटतो.
कापूर. कडुलिंबाचा वाळलेला पाला. जुना पेपर,
पण शाई यमाच्या टोपाला चालते,
घायपाताच्या पांढऱ्या म्हाताऱ्याला नाही.
विंचरायचं ते टोकाकडून वर.
मुळापासून विंचरणारा एकतर नवशिका
नाहीतर कुणावर तरी रागावलेला.

हे सगळं मास्तरांचं.
कडीचं मात्र त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

माघातली जत्रा, डिचोलीच्या पलीकडे.
स्कूटरच्या पायदानावर पेटी, दोन फेरीबोटी:
जुन्या गोव्याहून दिवाडी, दिवाडीहून नार्वे.
दोरखंड सोडता सोडता आगुस्तीन विचारतो, आत काय गो?
नऊ जण, मी म्हणते. दरवेळी म्हणते.
तोही दरवेळी म्हणतो, मग नऊ तिकिटं काढ.

नदीच्या मध्यावर वारा फिरला.
झाकण उघडलं, आणि पहिली बाहेर पडली द्रौपदी,
खऱ्या केसांची, कमरेपर्यंतची,
पेटीतली सगळ्यात महाग.
कठड्यावरून गेली. पाण्यावर पसरली.

बायल! कुणीतरी ओरडलं.
बायल पडली उदकांत!
इंजिन थांबलं. गाड्यांतून माणसं उतरली.
एकानं शर्ट काढला, एकानं क्रूस केला,
आणि मी, जिला माहीत होतं,
माझ्याच तोंडून शब्द निघेना.
कारण केस तसेच वाहत होते,
खाली कुणीतरी असावं तसे.

आगुस्तीननं बांबूचा आकडा टाकला, ओढला.
वर आली नुसती जाळी, तिला लोंबणारं पाणी.
मग हशा.
फेरीबोट हलेल एवढा हशा.
नऊचे आठ झाले गो, आगुस्तीन म्हणाला, हे घे, परत नऊ.

एक बाई हसली नाही.
जुना फुलाफुलांचा फ्रॉक, हातात पावांची पिशवी.
ती अजून पाण्याकडेच बघत होती,
जिथून आकडा वर आला तिथे.
माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली,
फकत केंसच मगो?
हय, म्हटलं. केंसच.
तिनं टोपाचं एक टोक बोटांत धरलं,
पिळलं, पाणी काढलं,
जसं एखाद्या मुलीचं न्हाणं झाल्यावर काढतात,
आणि सोडून दिलं.
धक्का लागला. गाड्या गेल्या, माणसं गेली.
ती सगळ्यात शेवटी उतरली.

दिवाडीभर टोप मी स्कूटरच्या आरशावर अडकवला.
सां माथियशची पोरं मागून धावली.
आरशात मला रस्ता दिसत नव्हता, केसच दिसत होते.

रात्री भालचंद्रानं तो डोक्यावर चढवला.
दिवसा तो सोसायटीत कारकून, रात्री पांचाली.
म्हणाला, वहिनी, आज वजन जास्त लागतंय.
दमट आहे हवा, मी म्हटलं.
भर सभेत तो केस मोकळे सोडून उभा राहिला
तेव्हा पुढच्या रांगेत खाऱ्या पाण्याचा वास गेला असणार.
कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी रिठ्यानं धुतला.
तीन पाण्यांत. चौथं पाणी जिभेला लावून पाहिलं,
खारटच.
सावलीत वाळवला, नारळावर, डोळे पुढे.

आता कडीला नवीन कोयंडा,
वरून सुंभाचे दोन वेढे.
आणि आगुस्तीननं विचारलं, आत काय गो,
तर मी म्हणते,
कपडे.